वेक काउंटीत मिडल स्कूल निवडताना: शाळेला मिळणाऱ्या अक्षरामागचं गणित असं तपासा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत, म्हणजे कॅरी, मॉरिसव्हिल किंवा एपेक्समध्ये घर बघायला निघालेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शाळा कुठली लागते?" पाचवीपर्यंत फारसा घोर नसतो. सहावीला शाळा बदलून मिडल स्कूलला (सहावी ते आठवी) जायची वेळ आली की मात्र आईवडील रात्र रात्र आकडे चाळत बसतात, आणि शेवटी शाळेला दहापैकी किती गुण एवढ्यावरच निर्णय घेतात. तसं करू नका. दोन संध्याकाळी दिल्यात तर याहून पुष्कळ कळतं.

आधी पत्ता तपासा

१९७६ साली रॅली शहर आणि काउंटी यांच्या शाळा एकत्र झाल्या. तेव्हापासून सगळ्या वेक काउंटीचा कारभार एकाच शाळा मंडळाकडे आहे. प्रत्येक पत्त्याला एक 'बेस स्कूल' ठरलेली असते, पण ती सगळ्यात जवळचीच असेल असं नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता घालून पाहा; घर विकणाऱ्याच्या जाहिरातीवर विसंबू नका.

लगेच दुसरी गोष्ट पाहा: त्या शाळेला 'कॅप', म्हणजे पटाची मर्यादा, लागलेला आहे का? वस्ती झपाट्याने वाढलेल्या भागात शाळेचा पट भरला, की तिथे नव्याने राहायला येणाऱ्या मुलांना दुसऱ्या, 'ओव्हरफ्लो' शाळेत पाठवलं जातं. ज्या शाळेसाठी घर घेतलं ती खिडकीतून दिसते आणि मूल बसने भलतीकडेच जातं, ही वेळ कुणावरही येऊ शकते. म्हणून घराच्या करारावर सही करण्याआधीच मंडळाच्या कार्यालयात फोन करा.

अक्षर फोडून पाहा

नॉर्थ कॅरोलायना दर वर्षी प्रत्येक सरकारी शाळेला ए ते एफ असं अक्षर देतं. त्यात ८० टक्के भार मुलांच्या निकालाला आणि फक्त २० टक्के 'ग्रोथ'ला, म्हणजे मुलांनी वर्षभरात केलेल्या प्रगतीला असतो. ८५ किंवा त्याहून जास्त ए, ७० ते ८४ बी, ५५ ते ६९ सी.

कल्पनेतल्या दोन शाळा घ्या. पहिलीचा निकाल ९०, ग्रोथ ६५: या भाराने बेरीज ८५, अक्षर ए. दुसरीचा निकाल ६२, ग्रोथ ९०: बेरीज ६८च्या आसपास, अक्षर सी. पहिल्या शाळेत मुलं हुशार आली आणि अपेक्षेपेक्षा कमी शिकली. दुसरीत कच्ची आली आणि अपेक्षेपेक्षा जास्त शिकली. चांगलं शिकवणारी कोणती? आपल्याकडे नववीतच कच्ची मुलं गाळून दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. इथली सरकारी शाळा मुलं गाळत नाही, पण परिसरातल्या घरांच्या किमती ते काम परस्पर करतात.

आणखी एक मेख आहे. निकालाच्या आकड्यात राज्याच्या परीक्षेतली लेव्हल तीन, चार आणि पाच (सर्वांत वरची) सारखीच धरतात. तुमचं मूल आधीच पाचव्या लेव्हलवर असेल तर या आकड्यातून त्याच्याविषयी काहीही कळत नाही.

म्हणून राज्याच्या 'स्कूल रिपोर्ट कार्ड'वर जाऊन ग्रोथचा शेरा वेगळा वाचा: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, की कमी. हे मोजमाप ज्या ईव्हास पद्धतीने होतं, ती चालवणारी सॅस ही सॉफ्टवेअर कंपनी कॅरीतलीच; आपल्यातले किती तरी जण तिथे नोकरीला आहेत. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षांचे शेरे एकाखाली एक लिहा. मग आर्थिकदृष्ट्या दुर्बल, विशेष गरजा असलेली, इंग्रजी शिकणारी अशा गटांचे आकडे उघडा. ज्या शाळेत या मुलांचीही प्रगती होते, तिथे वर्गात खरोखर शिकवलं जातं असं मी मानते.

गणिताची वाट विचारा

आठवीत 'मॅथ वन', म्हणजे हायस्कूलच्या गणिताचा पहिला वर्ग, केला की ते हायस्कूलच्या श्रेयांकात धरलं जातं, आणि पुढे कॅल्क्युलसपर्यंतचा रस्ता बराचसा इथेच ठरतो. प्रत्येक शाळेला विचारा: सहावीत प्रगत गणितात कोणाला घेता? मॅथ वन सातवीत घेता येतं का? त्यापुढचा वर्ग शाळेतच भरतो का? गणितात सर्वोच्च लेव्हल मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी प्रगत वर्गात जागा मिळावी, असा राज्याचा २०१८ चा कायदा आहे. तो माहीत असू द्या. संकोच न करता त्याचा उल्लेख करा.

कॅलेंडर हलकं समजू नका

काही शाळा पारंपरिक वेळापत्रकाच्या, तर काही 'इयर-राउंड': साधारण ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, तीही चार ट्रॅकमध्ये, म्हणजे मुलांच्या चार गटांत, विभागून. धाकटं एका वेळापत्रकात आणि थोरलं दुसऱ्या, असं झालं तर आजीआजोबांकडे दोन महिने जाणं विसरा. उलट, ऑक्टोबरात तीन आठवडे मोकळे मिळाले तर दिवाळीला पुणं गाठता येतं, हेही खरं.

बेस शाळा पटली नाही तर मॅग्नेट, म्हणजे खास अभ्यासक्रमाच्या, शाळा आहेत. लिगन, कार्नेज, मार्टिन ही त्यांतली जुनी नावं. ऐच्छिक विषय भरपूर, पण प्रवेश अर्जावर अवलंबून आणि बस बहुधा 'एक्सप्रेस स्टॉप'वरून, म्हणजे घराजवळून नव्हे तर ठरावीक थांब्यावरून. त्या थांब्यापर्यंत रोज सकाळी कोण सोडणार, हे अर्जाआधी घरात ठरवा.

शेवटी शिक्षकांचं ऐका

राज्य २००२ पासून दर दोन वर्षांनी शिक्षकांची पाहणी करतं: मुख्याध्यापकांचा आधार वाटतो का, मुलं शिस्तीत वागतात का, पुढच्या वर्षी इथेच राहणार का. शाळेनिहाय उत्तरं कुणालाही पाहता येतात, तरी पालक त्यांकडे फिरकत नाहीत. माझ्या मते अक्षरापेक्षा हे पान मोलाचं. ते वाचून मगच शाळेच्या ओपन हाउसला जा, मुलालाही न्या, आणि मुख्याध्यापकांना सरळ विचारा: गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, आणि का?