मुलांचा बीएमआय काढताय? आधी या चुका टाळा

मी २२ वर्षं बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक मूल माझ्याकडे वजन-उंचीला थांबतं. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा. त्याचं गणित चौथी-पाचवीतल्या मुलालाही जमेल: किलोमधलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. चुका होतात त्या भागाकाराच्या आधी आणि नंतर, आणि त्या चुकांचा त्रास मुलांना होतो. म्हणून हे लिहिते आहे.

मोठ्यांचं अ‍ॅप लहानांना लावणं

सात वर्षांची एक मुलगी होती. वजन साडेएकवीस किलो, उंची १२१ सेंटिमीटर. आईने घरीच मोबाइलवर बीएमआय काढला, १४.७ आला आणि पडद्यावर लाल अक्षरात ‘वजन कमी’ असं दिसलं. झालं. सकाळी दुधात पावडर, शाळेतून आल्यावर दोन केळी, वरणावर तुपाची धार, आणि ताट पुसून घेतल्याशिवाय उठायचं नाही. आमच्याकडे ती आली ती वर्षभराने, सर्दी-खोकल्यासाठी. वजन ३१ किलो, उंची १२६.५. बीएमआय १९.४.

“सिस्टर, आता अ‍ॅपमध्ये हिरवं येतंय,” आई आनंदाने म्हणाली.

मी तिला मुलांच्या वाढीचा, वयानुसार रेषा असलेला आलेख काढून दाखवला. सातव्या वर्षी तिची लेक अगदी योग्य जागी होती. आता ती जादा वजनाच्या रेषेच्या वर गेली होती. आईचा चेहरा उतरला. तिने जे केलं ते मायेपोटीच केलं होतं.

१८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी, हा हिशोब फक्त मोठ्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचा मधला बीएमआय साधारण १५.३ आहे आणि १८.३ च्या पुढे लठ्ठपणा सुरू होतो. म्हणजे मोठ्यांचं अ‍ॅप ज्या आकड्याला ‘उत्तम’ म्हणतं, त्या आकड्यावर पाच वर्षांचा मुलगा लठ्ठ असतो.

माझा नियम सोपा आहे. जे अ‍ॅप जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हे विचारत नाही, ते काढून टाका. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरतात. ५ ते १८ साठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे. त्यात इतर रेषांबरोबर २३ आणि २७ अशा दोन खास रेषा असतात. मूल २३ च्या रेषेवरच वाढत राहिलं तर मोठेपणी त्याचा बीएमआय २३ होईल, असा तिचा अर्थ. तिच्या वर गेलं की जादा वजन, २७ च्या वर लठ्ठपणा. आपल्याकडे कमी बीएमआयलाही मधुमेह गाठतो, म्हणून या रेषा मुद्दाम खाली ठेवल्या आहेत.

उंची घाईत मोजणं

वजनाच्या काट्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, उंची मात्र कशीही घेतात. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

एका शाळेच्या आरोग्य तपासणीला गेले होते. आदल्या वर्षी तिथे शिक्षकांनीच मोजमाप केलं होतं आणि चौथीच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी ‘वजन जास्त आहे’ अशा चिठ्ठ्या गेल्या होत्या. एका मुलाने तेव्हापासून डब्यातली पोळी परत न्यायला सुरुवात केली होती. मी भिंतीवरची जिराफाची कागदी पट्टी पाहिली. ती ६० च्या आकड्यापासून सुरू होत होती. टेप लावून बघितलं, तर ६० चा आकडा जमिनीपासून ६४ सेंटिमीटरवर. कोणीतरी टाइल्सच्या वरची सोयीची जागा बघून ती चिकटवली होती. सगळा वर्ग कागदावर चार सेंटिमीटर बुटका झाला होता.

चार सेंटिमीटरने काय होतं? ३० किलोचं मूल १३४ सेंटिमीटर असेल तर बीएमआय १६.७. त्याचीच उंची १३० लिहिली की १७.८. उंचीने दोनदा भागतो, म्हणून तिथली चूकही दुप्पट होते.

घरी मोजायचं असेल तर अशी भिंत शोधा जिच्या पायथ्याशी टाइल्सची पट्टी पुढे आलेली नाही. चपला-मोजे काढा. वेणी, आंबाडा, क्लिप सोडा. टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला, नजर सरळ समोर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर आडवं ठेवून भिंतीला काटकोनात टेकवा आणि पेन्सिलने खूण करा. मग मूल बाजूला घेऊन पुन्हा पहिल्यापासून. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मी तिसऱ्यांदा घेते, मागे कितीही रांग असली तरी. संध्याकाळी उंची थोडी कमी भरते, म्हणून दर वेळी एकच वेळ ठेवा.

बाकीच्या चुका

दोन वर्षांखालच्या बाळाला उभं करून मोजू नका. त्याची लांबी आडवं झोपवून घेतात आणि ती उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते.

वजनाचा काटा गादीवर, सतरंजीवर ठेवू नका.

रोज वजन करू नका. शाळकरी मुलाला सहा महिन्यांतून एकदा पुरतं.

चार-पाच वर्षांचं मूल ‘वाळलं’ म्हणून घाबरू नका. पहिल्या वर्षात बीएमआय चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि नंतर पुन्हा चढू लागतो. शेजारच्या गुबगुबीत मुलाकडे बघून आज्या इथेच टॉनिक सुरू करायला लावतात. खरं तर हा चढ पाच वर्षांच्या आधीच सुरू झाला, तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते.

आणि मुलाला ‘डाएट’ लावू नका. एका महिन्यात पाच किलो उतरवून द्या, असं म्हणणारे पालक मला दर उन्हाळ्यात भेटतात. वाढत्या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतं, थोपवून धरायचं असतं. शाळकरी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, बाकीचं काम ती उंची करते. वरच्या मुलीचं तेच झालं. पावडर बंद, ताट पुसून घ्यायची सक्ती बंद, संध्याकाळी तासभर अंगणात. पुढच्या वर्षी वजन ३२, उंची १३२.५, बीएमआय १८.२. तिला कोणी ‘जाडी’ म्हणायचं नाही, ही अट मी आईला पहिल्याच दिवशी घातली होती.

वजन चढतंय आणि उंची मात्र थांबली आहे, मानेवर काळपट जाड कातडी आली आहे, किंवा दोन मोजमापांत मूल आलेखावरच्या दोन रेषा ओलांडून वर वा खाली गेलं आहे, असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. येताना जुनी फाइल आणि अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या. एकच ठिपका बघून मलाही काही सांगता येत नाही. चार ठिपके जोडले की मूल कुठल्या रेषेने चाललंय ते दिसतं.