रात्री दोनला पिंजऱ्यात धिंगाणा: कॉकटीलचा माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात कॉकटीलचं, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू आणलं, पिवळसर पांढरं (या रंगाला ल्युटिनो म्हणतात), गालावर केशरी टिकली. घेताना बाकी काही कळत नव्हतं पण एवढं बघितलं की डोळे स्वच्छ आहेत, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही आणि हातावरचे दाणे खातंय. महिनाभर सगळं मस्त. मग एके रात्री दोन वाजता पिंजऱ्यात असा धडधडाट झाला की आईला वाटलं मांजर शिरलं. लाईट लावून बघतो तर मांजर वगैरे काही नाही, साहेब तळाशी, पंख पसरलेले, तुरा ताठ आणि पंखातल्या नव्या पिसातून रक्त. चिमूटभर कॉर्नफ्लोर दाबून धरलं, थांबलं, सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले कॉकटील अंधारात दचकतात, काही दिसत नाही म्हणून सैरावैरा उडतात नि गजांवर आपटतात.

मी तर शहाणपणा करून जाड चादरीने पिंजरा चारी बाजूंनी गच्च झाकायचो! आता पुढची बाजू उघडी, शेजारी झिरोचा बल्ब, खिडकीतून गाड्यांचे हेडलाईट आत यायचे म्हणून पिंजरा तिथून हलवून भिंतीला लावला, आणि लटकणारी घंटी, झोका रात्री काढून ठेवतो. त्यानंतर दोनदाच दचकला, तेव्हाही हात घालून पकडायला गेलो नाही, लाईट लावून हळू आवाजात बोलत बसलो, पाचेक मिनिटांत तुरा खाली.

आई अजून म्हणते मांजरच होतं.