पाहुण्याच्या हातून काही फुटलं? आधी झाडू बाजूला ठेवा

नागावला आमचं दोन खोल्यांचं घर शनिवार-रविवारी भाड्याने देतो. आता शेजारीपाजारीही तेच करतात, आणि दर सोमवारी कुणाचा ना कुणाचा फोन येतो: "काका, पाहुण्यांनी अमुक तोडलं, काय करू?" मी एकच विचारतो, फोटो काढलास का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जेवणाच्या टेबलाला जाड काच होती. आठ जणांचा ग्रुप रविवारी सकाळी गेला आणि केअरटेकर आत गेला, तर काच कोपऱ्यापासून मधोमध तडकलेली आणि एक मोठा तुकडा खाली. माणूस कामाचा. दुपारी एकला पुढचे पाहुणे येणार म्हणून त्याने अर्ध्या तासात काच उचलली, फरशी पुसली, तुकडे गोणीत भरून भंगारवाल्याला देऊनही टाकले. मला फोन केला तो कौतुकाच्या अपेक्षेने: "एक कण ठेवला नाही!" मी तडक त्या ग्रुपमधल्या बुकिंगवाल्याला फोन लावला, आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "काका, तडा आधीपासूनच होता." होता का? नव्हता. पण दाखवू काय? आदल्या दिवसाचा फोटो नाही, फुटल्यानंतरचा नाही, आणि बोलणं सगळं फोनवर. साडेचार हजारांची काच माझ्या खिशातून गेली.

तेव्हापासून पाहुणे येण्याआधी केअरटेकर प्रत्येक खोलीचा एक सलग व्हिडिओ काढून मला पाठवतो. पाहुणे गेले की पुन्हा एक. मोडलेली वस्तू आहे तिथेच ठेवायची, लांबून एक आणि जवळून दोन फोटो, मगच झाडू. पैशांचं बोलणं लेखी, बुकिंग ज्या ॲपवरून आलं त्याच्याच मेसेजमध्ये. एअरबीएनबीवर भरपाईची मागणी पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत टाकावी लागते. आधी ती पाहुण्याकडे जाते, त्याला उत्तराला २४ तास मिळतात, आणि त्याने नकार दिला किंवा गप्प राहिला तर कंपनीला मध्ये घेता येतं. तिथे फोटो आणि दुरुस्तीचं बिल किंवा कोटेशन लागतं, आपला संताप नाही. वापराने झालेली झीज त्यात धरत नाहीत. आणि ॲपवरून आलेल्या पाहुण्याकडून हातात रोख डिपॉझिट घेण्याचा शॉर्टकट त्यांच्या नियमात बसत नाही. दोन व्हिडिओ बघून धंद्यात उतरलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे हळदीच्या डागावर साबण. सुरमईचा रस्सा गादीवर सांडतोच, आपण कोकणात आहोत. आमच्या केअरटेकरने एकदा कपडे धुण्याचा साबण लावून जोरात घासलं. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते. पुढच्या पाहुण्यांनी चादर सरकवली आणि मला फोटो पाठवला: "हे रक्त आहे का?" त्या घाबरलेल्या कुटुंबाला हळद समजावून सांगताना माझी संध्याकाळ गेली. लिंबू फिरवलं की लाल पुन्हा पिवळं होतं, मग तो पिवळा डाग उन्हात दोन-तीन दिवसांत विटतो. सांडल्या सांडल्या चमच्याने खरवडा, फडक्याने टिपा, घासू नका. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? म्हणून गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घाला आणि एक जादा जोड कपाटात ठेवा. खऱ्या रक्ताच्या डागाला मात्र गरम पाणी लावू नका, तो पक्का बसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. सहा वर्षं वापरलेल्या गादीचे नवीन गादीचे पैसे मागू नका. मी निम्म्याहून कमी मागतो आणि बहुधा मिळतात. एका काचेच्या ग्लाससाठी चाळीस रुपये वसूल करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचे रिव्ह्यू वाचतो. आजीची चिनी मातीची बरणी शोभेला ठेवू नका. मच्छर कॉइलखाली ठेवायला स्टीलची थाळी द्या. घर बांधताना फरशीच्या चार लाद्या जादा घेऊन जिन्याखाली ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही. आणि फ्रिजवर चिठ्ठी लावा: "काही फुटलं, सांडलं तर लगेच सांगा, रागावणार नाही." मग खरंच रागावू नका. रागावलात की पुढचा माणूस तुकडे पलंगाखाली सारतो.

त्या टेबलाला मी पुन्हा काच बसवली नाही. फणसाची फळी टाकली. तिच्यावर आता कॉइलचा एक काळा डाग आहे. सुतार येईल तेव्हा रंधा मारून घेईन.