साइटवर सेफ्टी खरोखर रुजवायची असेल तर सुरुवात कुठून करायची

बोर्ड लावले, हेल्मेट वाटली, रजिस्टरवर सह्या घेतल्या, तरी माणसं तशीच काठावर उभी राहून काम करतात आणि तपासणीची गाडी आली की पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, हे ज्याच्या साइटवर चालतं त्याच्यासाठी हे लिहितोय. सुपरवायझर असा, इंजिनिअर असा नाहीतर छोटे ठेकेदार असा. माझं मत सरळ आहे, कामगार येऊन "साहेब, इथे मला धोका वाटतोय" म्हणाला की पुढच्या दोन मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर तुमच्या साइटची सेफ्टी ठरते.

पहिला आठवडा फक्त बघा. जीवावरचं काही दिसलं तर अर्थातच थांबवा, पण एरवी ओरडू नका, दंड लावू नका, कोण कुठे शॉर्टकट मारतोय आणि का मारतोय एवढंच वहीत लिहा. बहुतेक वेळा कारण सापडतंच. सळई बांधणारा फिटर हूक काढतो कारण लॅनयार्ड, म्हणजे सेफ्टी बेल्टला जोडलेली हूकवाली दोरी, पुढच्या कॉलमपर्यंत पोचत नाही, कोणी परांचीच्या पाइपवरून चढतो कारण शिडी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, ग्राइंडरचं गार्ड काढलेलं असतं कारण दिलेली डिस्कच मोठी आहे. अशा ठिकाणी भाषण देऊन काही होत नाही, हूक अडकवायची दोरी म्हणजे लाइफलाइन पुढे वाढवा, शिडी हलवा, बरोबर मापाची डिस्क आणून द्या. हे तुम्ही दोनचार ठिकाणी केलंत की माणसं आपणहून सांगायला लागतात, आणि तिथूनच खरं काम सुरू होतं.

आता निअर मिस, म्हणजे अपघात व्हायचा थोडक्यात राहिला तो प्रसंग. समजा 20 मीटरवरून हातोडी निसटली आणि कोणाला लागली नाही. खाली पोचेपर्यंत तिचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास झालेला असतो, म्हणजे कोणी खाली असता तर हेल्मेट असूनही वाचला असता याची खात्री नाही. तुमच्या तोंडून पहिलं वाक्य "कोणी पाडली?" निघालं तर पुढची निसटलेली हातोडी तुम्हाला कधीच कळणार नाही. "कशी पडली?" विचारा. हत्याराला दोरी होती का, कडेला टो-बोर्ड, म्हणजे वस्तू खाली पडू नये म्हणून लावलेली आडवी फळी, होता का, खालचा भाग बंद केला होता का, आणि जे कमी असेल ते जमलं तर त्याच दिवशी करा. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा की अमुकने सांगितलं म्हणून हे झालं. त्याला नाव नको असेल तर नाव घेऊ नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, "महिनाभर अपघात नाही तर सगळ्या गँगला बक्षीस" ही स्कीम. ऐकायला छान वाटते पण होतं काय, एकाचं बोट कापलं तर बाकीचेच त्याला गप्प बस म्हणतात, तो पट्टी बांधून काम करत राहतो आणि तुमच्या कागदावर शून्य. बक्षीस द्यायचं असेल तर धोका दाखवणाऱ्याला द्या.

काम थांबवायचा हक्क सगळ्यांना आहे असं बोर्डवर लिहिणं सोपं आहे, पण जो उक्त्यावर काम करतो त्याचा तास थांबला की त्याचीच कमाई बुडते, मग तो कशाला थांबवेल? म्हणून आधी मुकादमाशी बसून ठरवा, धोक्यामुळे काम थांबलं तर त्या वेळेचे पैसे मिळतील. परांची, जाळी, रेलिंग, हार्नेस (अंगभर घालायचा सेफ्टी बेल्ट) यांचा खर्चही रेटमध्ये पोटात घालू नका, वेगळा आयटम दाखवा, नाहीतर स्पर्धेत रेट खाली आणताना सगळ्यात आधी तोच कापला जातो.

टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधी गँगशी सेफ्टीबद्दल बोलणं, दहा मिनिटांचा पुरे, आणि तोही त्यांच्या भाषेत. छापील कागद वाचून दाखवू नका. आजचं काम काय, त्यात माणूस कशाने मरू शकतो, आपण काय करणार, एवढंच, आणि निम्मा वेळ त्यांना बोलू द्या. उदाहरण म्हणून स्लॅबमधली भोकं आणि डक्ट घ्या. त्यावर नुसता प्लायवुड टाकून ठेवलेला असतो, दुसऱ्या गँगचा माणूस प्लाय मोकळा पडलाय समजून दोन्ही हातांनी उचलतो, समोरचं दिसत नाही, एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली जातो. त्यामुळे झाकण वजन पेलणारं पाहिजे, ठोकून पक्कं केलेलं पाहिजे आणि त्यावर रंगाने मोठ्या अक्षरात "खाली भोक आहे" लिहिलेलं पाहिजे. हे एकदा नीट सांगितलं की बिगारीसुद्धा सैल झाकण दिसलं की हाक मारतो.

हार्नेसबद्दल जरा सविस्तर, कारण बेल्ट घातला म्हणजे झालं असा खूप जणांचा समज आहे. लॅनयार्ड साधारण 1.8 मीटर, पडल्यावर झटका कमी करणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर उघडून अजून मीटरभर, त्यात माणसाच्या पाठीवरच्या रिंगपासून पायापर्यंतचं अंतर आणि वर थोडी शिल्लक, असं धरलं तर हूक अडकवला तिथून खाली साधारण साडेपाच मीटर जागा मोकळी लागते. हूक पायाशी अडकवला आणि खालचा स्लॅब चारच मीटरवर असेल तर बेल्ट घालूनही माणूस स्लॅबवर आपटणार! म्हणून हूक डोक्याच्या वर, लॅनयार्ड छोटा, आणि सगळ्यात आधी कडेला रेलिंग, म्हणजे पडायची वेळच येत नाही. लटकलेल्या माणसाला खाली कसं घ्यायचं हेही आधीच ठरवा, हालचाल न करता लटकून राहिलं की पायातलं रक्त वर येत नाही आणि काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो.

सामूहिक संरक्षण किती उपयोगी पडतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल. तिथे डेकखाली लावलेल्या जाळीने 19 जणांचा जीव वाचवला. पण त्याच जाळीवर फेब्रुवारी 1937 मध्ये कामाचा अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला, जाळी फाटली आणि 10 जण गेले. जाळी माणसाचं वजन धरून लावलेली असते, वरच्या प्लॅटफॉर्मची तपासणी वेगळी करावीच लागते.

खड्ड्यांच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा, एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, छातीपर्यंत गाडला गेला तरी माणसाला श्वास घेता येत नाही. उकरलेली माती काठापासून लांब टाका, बाजूंना आधार नाहीतर उतार द्या आणि पाऊस पडून गेला की परत तपासल्याशिवाय कोणाला उतरवू नका. कोणी अडकला तर मागोमाग उडी मारायची नाही, हे गँगकडून पाठ करून घ्या. टाकी आणि मॅनहोललाही हेच, तिथे तर वाचवायला गेलेलाच वायूने दगावतो.

आणि साहेब लोकांनो, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून तुम्ही हेल्मेटशिवाय आत गेलात की महिनाभराचे टॉक वाया. स्लॅबची तारीख जवळ आली की तुम्ही काय बोलता तेही सगळे ऐकत असतात. शटरिंगचे प्रॉप, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालचे टेकू, तपासून झाले नसतील तर काँक्रीटची गाडी दारात उभी असली तरी ती थांबवा, त्या दिवशी तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे आहात ते साइटला कळतं.

नवीन माणूस आला तर पहिले काही दिवस त्याच्याबरोबर जुना माणूस द्या आणि त्याला वेगळ्या रंगाचं हेल्मेट द्या, म्हणजे क्रेनवाल्यालाही लांबून कळतं की याला अजून साइट माहीत नाही.

मोजायचं असेल तर महिन्याला किती निअर मिस सांगितले गेले आणि त्यातले किती दुरुस्त झाले ते मोजा. सुरुवातीला आकडा वाढेल, घाबरू नका, लोक बोलायला लागलेत असा त्याचा अर्थ आहे. आकडा अचानक शून्यावर आला तर मात्र त्याच दिवशी खाली उतरून गँगमध्ये जाऊन बसा आणि कोणी कोणाला गप्प केलंय का ते शोधा.