ए-लेव्हलसाठी 'क्लासिकल सिव्हिलायझेशन'चा अभ्यास कसा करावा

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला (विद्यापीठ-प्रवेशापूर्वीच्या शालेय परीक्षेला) 'क्लासिकल सिव्हिलायझेशन', म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती हा विषय, घेण्यासाठी ग्रीक वा लॅटिन येण्याची अट नाही. ग्रंथ इंग्रजी अनुवादातूनच वाचायचे असतात. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात वीरांच्या जगावरील अनिवार्य प्रश्नपत्रिकेला ४० टक्के भार असून तीत ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' किंवा 'ओडिसी' या महाकाव्यासोबत रोमन कवी व्हर्जिलचे 'इनिड' हे महाकाव्य येते, म्हणून सुरुवात येथूनच करावी.

पहिले वाचन टिपणे न काढता, शक्य तर मोठ्याने करावे, कारण होमरची काव्ये मुळात ऐकण्याची होती. दुसऱ्या वाचनात मात्र महत्त्वाचे प्रसंग, भाषणे आणि उपमा सर्गक्रमांकासह वहीत उतरवाव्यात. शाळेने 'इलियड' निवडले असल्यास, ग्रीक वीर अकिलीस आपण मारलेल्या हेक्टरचा देह त्याचा पिता, ट्रॉयचा राजा प्रायम, याला परत देतो तो २४वा सर्ग आणि जखमी होऊन याचना करणाऱ्या टर्नस या शत्रूला काव्यनायक इनिअस ठार करतो तो 'इनिड'चा १२वा सर्ग शेजारी ठेवून वाचावा. दया आणि क्रोध यांकडे पाहण्याची दोन्ही कवींची दृष्टी त्यातून जितकी स्पष्ट होते, तितकी कोणत्याही मार्गदर्शिकेतून होत नाही, असे मला ठामपणे वाटते.

उरलेल्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी ३० टक्क्यांच्या आहेत. त्यांपैकी एकीसाठी ग्रीक कला हा विषय निवडल्यास ब्रिटिश म्युझियममधील मृत्पात्रे प्रत्यक्ष पाहून त्यांची रेखाटने स्वतः काढावीत.