मराठी मजकुरावर फुल-टेक्स्ट सर्च लावताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातले बाजारभाव, द्राक्षबागांचे सल्ले, वाचनालयाची सूची असा मराठी मजकूर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरून त्यातल्या शब्दांवरून शोध (फुल-टेक्स्ट सर्च) सुरू केला की पहिली तक्रार ठरलेली असते. ‘कांदा’ टाइप केलं, तरी ‘लासलगावात कांद्याचे भाव चढले’ ही नोंद सापडत नाही. लगेच इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) पाडून पुन्हा बांधू नका. आधी टीएस_डीबग हे तपासणीचं फंक्शन चालवून त्या वाक्याचे नेमके कोणते शब्द साठतात ते पाहा. ‘कांद्याचे’ हा शब्द जसाच्या तसा साठलेला दिसेल आणि ‘कांदा’शी तो जुळत नाही.

हिंदीचं कॉन्फिगरेशन (शब्दांवर कोणते भाषानियम लावायचे ती मांडणी) लावून हे सुटत नाही. पोस्टग्रेस 14 पासून हिंदीचा स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ ठेवणारा भाग) मिळतो, मराठीचा मिळत नाही, आणि मराठी विभक्ती हिंदीच्या स्टेमरला ठाऊक नाहीत. ‘सिंपल’ हे प्रत्यय न काढणारं कॉन्फिगरेशन घ्या आणि शोधताना शब्दाच्या शेवटचा काना किंवा वेलांटी काढून पुढे :* (म्हणजे ‘याने सुरू होणारे सगळे शब्द’) जोडा. ‘कांद:* & लासलगाव:*’ अशी क्वेरी कांदा, कांद्याचे, लासलगावात हे सगळं पकडते. ‘भाव:*’ मध्ये ‘भावना’ही येईल, सोबत दुसरा शब्द असला की हा कचरा बराच कमी होतो. टाइप केलेल्या शब्दांची क्वेरी बनवणारं वेबसर्च_टू_टीएसक्वेरी हे फंक्शन :* मानत नाही, त्यासाठी टू_टीएसक्वेरीच लागतं. पण वापरकर्त्याने टाइप केलेलं वाक्य त्यात थेट टाकलं तर दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच सिंटॅक्स एरर येते. शब्द आधी सुटे करा, चिन्हं गाळा, मग & ने जोडा.

‘पाऊस’ आणि ‘पावसाचा’ यांना मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण मूळच बदलतं. तिथे सिनॉनिम डिक्शनरीत (एका शब्दाऐवजी दुसरा घ्यायला सांगणारी यादी) ‘पाऊस पावस*’ अशी ओळ लिहा. साठवताना ‘पाऊस’चं ‘पावस’ होतं आणि शोधताना ‘पावस’ने सुरू होणारं सगळं मिळतं. मॅपिंगमध्ये (कोणत्या प्रकारच्या शब्दाला कोणत्या डिक्शनरी कोणत्या क्रमाने लागतात ती यादी) ही डिक्शनरी ‘सिंपल’च्या आधी हवी; ‘सिंपल’ प्रत्येक शब्द स्वीकारतं, त्यामुळे पुढच्या डिक्शनरीपर्यंत काही पोहोचतच नाही. देवनागरी शब्दांचा टोकन प्रकार ‘वर्ड’ आहे. फक्त इंग्रजी अक्षरांच्या शब्दांचा प्रकार असलेल्या ‘आस्कीवर्ड’लाच मॅपिंग दिलं तर काहीही बदलणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ऱ (युनिकोड क्रमांक 0931) वापरूनही लिहिता येतो, आणि साधा र, हलन्त व झिरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह (200डी) असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेससाठी मात्र दोन वेगळे शब्द. त्यात ‘शेतकरी’मधला र साधाच. म्हणून शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या स्तंभापुरतं स्वतःचं एक फंक्शन लिहा; त्यात ट्रान्सलेट (अक्षरं बदलणारं तयार फंक्शन) वापरून ऱ चा र करा आणि जॉइनर, नॉन-जॉइनर (200सी), नुक्ता काढून टाका. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतील, पण शोधासाठी तेवढं चालतं. याच फंक्शनमध्ये १२ चं 12 करा आणि ‘नासिक’चं ‘नाशिक’. जुन्या मजकुरात दोन्ही रूपं असतात. मूळ मजकुराला हात लावू नका. आणि हेच फंक्शन वापरकर्त्याच्या शब्दांवरही चालवा. एकाच बाजूला लावणं हे न लावण्यापेक्षा वाईट, कारण मग आधी सापडणाऱ्या नोंदीही हरवतात.

शोधाचा हा स्तंभ टीएसव्हेक्टर (शोधण्यायोग्य शब्दांची यादी) प्रकारचा, डेटाबेसने स्वतः भरायचा जनरेटेड स्तंभ (पोस्टग्रेस 12 पासून) म्हणून करताना ‘इम्युटेबल नाही’ (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर मिळेल याची हमी नाही) अशी एरर आली, तर टू_टीएसव्हेक्टरला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून कॉन्फिगरेशनचं नाव द्या आणि आपलं फंक्शन इम्युटेबल घोषित करा. मथळा आणि मजकूर || ने जोडताना दोन्हींना कोअलेस (नल म्हणजे रिकाम्या किमतीच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) हवंच. एक जरी नल असेल तर अख्खी नोंद शोधातून गायब होते. पुढे फंक्शन किंवा डिक्शनरी बदलली तर जुन्या ओळी आपोआप बदलत नाहीत, त्यांच्यावर अपडेट चालवावं लागतं.

स्तंभावर जिन (शब्दावरून नोंदी शोधणारा इंडेक्सचा प्रकार) इंडेक्स ठेवा. काहीशे ओळींच्या टेबलवर एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते सांगणारी आज्ञा) ‘सिक्वेन्शियल स्कॅन’, म्हणजे इंडेक्स न वापरता सगळ्या ओळी वाचणं, दाखवेल. ते बरोबर आहे, जबरदस्ती करू नका.

इंडेक्स असूनही पान हळू उघडत असेल तर निकालात सापडलेल्या शब्दांभोवतीचा उतारा दाखवणारं टीएस_हेडलाइन तपासा. ते मूळ मजकूर दर वेळी नव्याने वाचतं. आतल्या क्वेरीत क्रम लावून 20 नोंदी निवडा आणि तेवढ्यांवरच हेडलाइन चालवा.