‘गाडी आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका

अग्निशमन दलात साध्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, दोन-तीन गाड्या असतात, सगळं डोळ्यांसमोर असतं. कुठली गाडी कुठे लावली, कुणाच्या टाकीत किती पाणी उरलं, हे विचारावंही लागत नाही. गाड्या दहाच्या वर गेल्या आणि शेजारच्या दलांचे बंब यायला लागले की कामाचं स्वरूपच बदलतं. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी पाच-सहा वर्षं गाडीवर काढली आहेत आणि ज्यांना आता एखाद्या मोठ्या वर्दीवर ‘तू जरा गाड्यांचं बघ’ असं सांगून बाजूला उभं केलं जाणार आहे. मलाही एवढंच सांगितलं होतं.

गोदामाची आग होती. रात्रीचे पावणेदोन. वायरलेसवर प्रमुखांनी विचारलं, "हातात किती गाड्या आहेत?" मी डायरीत पाहिलं. आठ नावं लिहिलेली होती. "आठ आहेत, सर." ते म्हणाले, "तीन मागच्या बाजूला पाठव, लगेच." मी एकेका गाडीला हाक मारायला लागलो आणि पोटात गोळा आला. आठांपैकी तीन अजून रस्त्यावर होत्या. नियंत्रण कक्षाने ‘निघाल्या’ असं कळवलं होतं आणि मी त्यांची नावं उतरवून घेतली होती. दोन गाड्या मला न भेटताच पश्चिमेच्या फाटकातून आत जाऊन परस्पर पाण्याच्या पाइपची लाइन टाकून कामाला लागल्या होत्या. एक पाणी भरायला गेली होती. एक माझ्या समोर उभी होती, पण तिचे जवान नुकतेच आतून बाहेर आले होते, पाठीवरचे हवेचे सिलिंडर रिकामे होते आणि दोघं फुटपाथवर बसून श्वास घेत होते. उरली एक.

ती एक गाडी मागे पोचायला बारा मिनिटं लागली. तोवर आग शेजारच्या गोदामाच्या छपराला लागली होती. आत असलेल्या दोन जवानांच्या श्वसनाच्या सेटची हवा संपत आल्याची शिटी वाजली तरी त्यांची बदली पोचली नव्हती. दोघं सुखरूप बाहेर आले. नसते आले तर, हा विचार आजही मला रात्री उठवतो.

मी खोटं बोललो नव्हतो. मला ज्याने ज्याने ‘गाडी आहे’ म्हणून सांगितलं, तोही खोटं बोलला नव्हता. घोटाळा ‘आहे’ या शब्दात आहे. हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण बाकी सगळं तुम्ही कामावर शिकाल. हे शिकेपर्यंत कुणाला तरी किंमत मोजावी लागते.

नियंत्रण कक्ष ‘आहे’ म्हणतो तेव्हा गाडी केंद्रातून सुटलेली असते. चालक ‘आहे’ म्हणतो तेव्हा तो घटनास्थळाच्या आसपास कुठेतरी असतो, कदाचित गल्लीत अडकलेला. आतला अधिकारी ‘आहे’ म्हणतो तेव्हा गाडी त्याच्या कामाला लागलेली असते, म्हणजे तुमच्या दृष्टीने ती नाही. पंप ऑपरेटर ‘आहे’ म्हणतो तेव्हा गाडी उभी आहे एवढंच त्याला सांगायचं असतं; टाकी रिकामी आहे का, फोम संपलाय का, हे तुम्ही विचारलेलं नसतं. आणि प्रमुख ‘किती आहेत?’ विचारतो तेव्हा त्याला एकच उत्तर हवं असतं: मी आत्ता सांगितलं तर काही मिनिटांत पाणी, माणसं आणि सेट घेऊन काम करू शकतील अशा गाड्या किती? पाच माणसं, एकच शब्द, पाच अर्थ. त्यामुळे ‘आहे’ ऐकलं की तोंडातून पुढचा प्रश्न आपोआप निघाला पाहिजे. कुठे आहे? कशात आहे? पाणी किती? माणसं किती, आणि ती कधीपासून कामावर आहेत?

हा खड्डा आपल्या आधी फार मोठ्या माणसांनीही पाहिला आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली तेरा दिवस वणवे पेटत राहिले, १६ माणसं गेली, ७०० च्या वर इमारती जळाल्या. कितीतरी दलं मदतीला आली होती, पण प्रत्येकाचे शब्द वेगळे, वायरलेस वेगळी, हुकूम देणारा वेगळा. त्यातूनच पुढे इन्सिडेंट कमांड सिस्टिम घडली, म्हणजे मोठ्या घटनेत सगळ्या दलांनी एकाच हुकमाखाली, एकाच भाषेत काम करायची पद्धत. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली काढलेली इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची मार्गदर्शक तत्त्वं याच घराण्यातली आहेत. या पद्धतीत साधनाच्या अवस्था तीनच: कामावर, तयार, आणि कामाबाहेर. चौथी नाही. ‘येतेय’ ही अवस्था नव्हे, तो निरोप आहे. तो वेगळ्या कागदावर लिहायचा. माझ्या डायरीत त्या रात्री सगळं एकाच रकान्यात होतं.

तक्ता पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. नवीन मुलं कमांडचा आराखडा घडाघडा म्हणून दाखवतात. स्टेजिंगच्या जागी, म्हणजे आलेल्या गाड्या हुकमाची वाट बघत थांबतात तिथे, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी करायची ते विचारलं की गप्प. तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, चावी गाडीतच, जवान गाडीजवळ. कुणी ‘बघून येतो’ म्हणून आगीकडे निघाला की त्याला परत बोलवायचं, तो तुमच्यापेक्षा मोठा असला तरी. जागा अशी निवडा की हुकूम मिळाल्यापासून तीन ते पाच मिनिटांत गाडी कामाच्या ठिकाणी पोचेल, पण धूर, वारा आणि स्फोटाचा धोका तिच्यावर येणार नाही. येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी. एकच वाट असेल तर तिची एक बाजू होजपासून, म्हणजे पाण्याच्या पाइपपासून, मोकळी ठेवा. भरलेल्या होजवरून टँकर जात नाही, आणि तेवढ्यासाठी अख्खी रांग अडते.

ज्या गाड्या तुम्हाला न भेटता आत गेल्या त्यांच्यावर चिडू नका, पण त्यांना सोडूही नका. आग दिसली की जवानाचे पाय तिकडेच वळतात, आणि त्यात त्याचं चांगुलपण आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये कितीतरी तुकड्या नेमून दिलेल्या जागी न थांबता थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांकडे गेल्या, सुट्टीवरचे जवानही धावून आले. आत नेमकं कोण, किती जण, हे बाहेरच्या अधिकाऱ्यांना पुरतं कळत नव्हतं. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले. म्हणून प्रत्येक फाटकावर एक माणूस उभा करा. त्याला दुसरं काही काम देऊ नका. गाडी आली की थांबवायची, नाव लिहायचं, स्टेजिंगकडे वळवायची. मी त्या रात्री पश्चिमेच्या फाटकावर एक होमगार्ड जरी उभा केला असता तरी दोन गाड्या माझ्या हिशेबात राहिल्या असत्या.

बाहेरून आलेल्या दलांबाबत एक गोष्ट लगेच तपासा: कपलिंग, म्हणजे होज जोडायचं तोंड. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर जळत होतं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले, आणि कित्येकांचे होज तिथल्या हायड्रंटला, म्हणजे बंबांसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, बसेनात. १५०० च्या वर इमारती गेल्या. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत पुन्हा तेच: तिथले हायड्रंट तीन इंचाचे, मदतीला आलेल्यांचे होज अडीच इंचाचे. मधे जवळपास नव्वद वर्षं गेली होती. दोन वेगळी मापं जोडणारे अॅडॉप्टर कुठल्या गाडीत, किती, हे त्या गाडीच्या कार्डावर लिहा.

कार्ड म्हणजे खरंच पुठ्ठ्याचं कार्ड. एका गाडीला एक. वर गाडीचं नाव आणि दल, खाली टाकी किती लिटरची, माणसं किती, त्यांचा अधिकारी कोण, सेट किती, केंद्रातून किती वाजता सुटली, इथे किती वाजता आली. मग तीन कप्प्यांची पाटी, आणि अवस्था बदलली की कार्ड हाताने उचलून दुसऱ्या कप्प्यात. हाताने उचलण्याला मी फार महत्त्व देतो. स्क्रीनवर रंग बदलतो तेव्हा मन तिथे असेलच असं नाही. कार्ड उचलताना ते असावंच लागतं. सॉफ्टवेअर वापरा, जरूर वापरा, पण पहिली दोन वर्षं पाटी सोडू नका. आणि मोबाइलच्या ग्रुपवर गाड्यांचा हिशेब ठेवण्याचा जो सोपा मार्ग सगळे धरतात, तो मला अजिबात मान्य नाही. तिथे ‘पोचलो’ असा निरोप येतो, त्याखाली वीस फोटो येतात, आणि दहा मिनिटांनी तो निरोप कुणालाही सापडत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र डोक्यात करता आला पाहिजे. समजा टँकर १०,००० लिटरचा आहे आणि त्यावर मिनिटाला ४५० लिटर खेचणाऱ्या दोन लाइन आहेत. तो ११ मिनिटांत रिकामा होतो. जाणं, भरणं आणि परत येणं यात ३३ मिनिटं जात असतील तर एक फेरी ४४ मिनिटांची. म्हणजे त्या दोन लाइन अखंड चालू ठेवायला चार टँकर लागतात, आणि एक पाचवा, कारण कुठेतरी पंक्चर होतंच. हे गणित कुणी ओरडत असताना करायचं असतं, म्हणून घरी बसून वेगवेगळे आकडे घेऊन करून ठेवा.

हवेचंही तसंच. सहा लिटरचं सिलिंडर ३०० बारला भरलं की साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. कागदावर. जिना चढून, होज ओढून, घाबरलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन ४५ मिनिटं कुणालाच मिळत नाहीत, आणि शिटी ५५ बारच्या आसपास वाजते तेव्हा फक्त बाहेर पडण्यापुरतं उरलेलं असतं. आतल्या जोडीची बदली ती जोडी आत जाताना ठरवायची. शिटी वाजल्यावर शोधायला निघालात तर त्या रात्रीच्या माझ्या जागी तुम्ही उभे आहात.

गाड्या वाढल्या की एकटे सगळ्यांशी बोलू नका. एका माणसाखाली तीन ते सात, पाच असतील तर उत्तम. एकसारख्या गाड्यांचा स्ट्राइक टीम करा, वेगवेगळ्या लागत असतील तर टास्क फोर्स. प्रत्येकाला एक प्रमुख, एक वायरलेस चॅनल. वीस गाड्या म्हणजे मग चार-पाच माणसांशी बोलणं. इथे बऱ्याच जणांचा जीव अडकतो, आपला अधिकार गेला असं वाटतं. नाही जात.

गुरू कुणाला करायचं, हे मला नेहमी विचारतात. ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा त्यांच्यामागे जाऊ नका. माझी त्या रात्रीची चूक सगळ्यांसमोर काढणारे बरेच होते. एका निवृत्तीला आलेल्या स्टेशन ऑफिसरांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला चहाच्या वेळी बाजूला बसवलं, आठ काडेपेट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "रात्री पावणेदोनला कुठली कुठे होती, ठेव बघू." मी ठेवल्या. त्यांनी घड्याळ पुढे सरकवलं. "आता एक पंचावन्न." पुन्हा ठेवल्या. तासभर हेच केलं, ते एकदाही रागावले नाहीत. असं कुणी भेटलं तर त्यांची ड्युटी कुठे आहे ते बघून तिथे बदली मागा.

तुम्हाला हे जमेल. खरंच जमेल. पहिल्या मोठ्या वर्दीवर तुमच्या पाटीवर दोन कार्डं चुकीच्या कप्प्यात असणार, ते धरूनच चाला आणि दर पंधरा मिनिटांनी सगळ्या पाटीचा ताळा घ्या: प्रत्येक गाडीशी बोलून, अंदाजाने नाही. घाबरल्यावर माणूस ताळा टाळतो, म्हणून घड्याळात गजर लावा.

आणि आग आटोक्यात आली म्हणून पाटी गुंडाळू नका. गाड्या सोडताना सगळ्यात दमलेली, सगळ्यात लांबून आलेली आधी सोडा. पण चालक बारा-चौदा तास जागा असेल तर त्याला निघू देऊ नका, बदली चालक मागवा किंवा तिथेच झोपवा. गाडी निघाली की कार्डावर वेळ लिहा आणि कार्ड पाटीवरच राहू द्या. ती तिच्या केंद्रात पोचली, माणसं मोजली, असा फोन आला की मगच ते काढा.